जीभ थकली, की परीक्षक चुकला?

मोठ्या वाइन स्पर्धेत एकेका परीक्षकासमोर दिवसभरात पन्नास-साठ ग्लास येतात, काही ठिकाणी शंभरावर. शेवटच्या ग्लासाला तोच न्याय मिळतो का, हा या वेळच्या बहुतेक प्रश्नांचा गाभा आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी सॅन होजेला राहतो आणि इथल्या वाइन स्पर्धांत ग्लास भरण्याचे स्वयंसेवी काम करतो. 'दहातल्या एकाच परीक्षकाला त्याच वाइनला पुन्हा तेवढेच गुण देता येतात' असे संशोधन कॅलिफोर्नियातच झाले म्हणतात. म्हणजे बाकी नऊ जणांची जीभ थकलेली असते का?

संशोधन खरे आहे, पण त्यातून थकव्याचा निष्कर्ष निघत नाही. रॉबर्ट हॉजसन हे हम्बोल्ट स्टेट विद्यापीठातले निवृत्त प्राध्यापक, शिवाय स्वतः वाइन बनवणारे. त्यांनी 2005 ते 2008 अशी चार वर्षे एका मोठ्या स्पर्धेत ही चाचणी घेतली. दरवर्षी 65 ते 70 परीक्षक, चार-चार जणांची मंडळे. प्रत्येक मंडळासमोर 30 वाइन्सची फेरी आणि त्यात एकाच बाटलीतून ओतलेली तीच वाइन तीनदा, वेगवेगळ्या क्रमांकांखाली. सुमारे 10 टक्के परीक्षकांचे तिन्ही गुण एकाच पदकाच्या पट्ट्यात बसले. आणखी 10 टक्क्यांनी त्याच वाइनला कधी कांस्य, तर कधी सुवर्ण दिले. एक गोष्ट त्यात फार बोलकी आहे: जे आवडले नाही त्याबाबत परीक्षक जास्त ठाम होते, डळमळले ते आवडलेल्याबाबत.

पण तिन्ही ग्लास एकाच फेरीत होते. त्यामुळे मोजले गेले ते सातत्य. थकवा मोजायचा तर तीच वाइन सकाळी ताज्या जिभेला आणि संध्याकाळी पन्नास ग्लासांनंतर द्यावी लागते, आणि मधल्या काळात वाइन बदलली नाही याचा वेगळा पुरावा लागतो. सकाळी दहाच्या ठोक्यालाही डळमळणारा परीक्षक थकलेला नसतो, त्याचा हात मुळातच हलता असतो. दोन्ही दोष असू शकतात, पण उपाय वेगळे आहेत. थकव्याला विश्रांती पुरते. हलत्या हाताला एक तर सराव लागतो, नाहीतर एका वाइनमागे परीक्षकांची संख्या वाढवावी लागते.

हॉजसन यांचाच 2009 सालचा दुसरा अभ्यास 13 अमेरिकी स्पर्धांचा आहे. तीनपेक्षा जास्त स्पर्धांत उतरलेल्या 2,440 वाइन्सपैकी 47 टक्क्यांना कुठे ना कुठे सुवर्ण मिळाले, आणि त्याच सुवर्णवाल्यांपैकी 84 टक्क्यांना दुसऱ्या एखाद्या स्पर्धेत काहीच मिळाले नाही. बाटलीवरचे सोनेरी स्टिकर पाहून पैसे मोजणाऱ्याने हे आकडे लक्षात ठेवावेत.

प्रश्न : नाशिकमध्ये आमचा वाइन बनवणाऱ्यांचा आणि चाखणाऱ्यांचा गट आहे. बारा जण नियमित परीक्षण करतो. एका दिवसात साठ वाइन्स लेबल झाकून चाखून आमची जीभ नेमकी कुठे बसते ते तपासायचे आहे. मांडणी कशी करावी?

बारा जण आणि साठ ग्लास हा हिशेब सोयीचा आहे. पाच फेऱ्या करा, प्रत्येकीत बारा ग्लास: आधी सहा पांढऱ्या, मग सहा लाल. पाचही फेऱ्यांचा साचा एकच ठेवा. सकाळी सगळ्या पांढऱ्या आणि दुपारी सगळ्या लाल ठेवल्या, तर दुपारच्या गुणांत थकवा किती आणि लाल वाइनचा स्वभाव किती, हे कुणालाच सांगता येणार नाही.

आता चार 'साक्षी' वाइन्स निवडा, दोन पांढऱ्या आणि दोन लाल. या चारही पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या फेरीत येतील. म्हणजे साठपैकी बारा ग्लास साक्षीचे आणि 48 इतर वाइन्सचे. साक्षी वाइन ओळखू येणारी नको. मस्कत द्राक्षाच्या वाइनसारखी दरवळणारी किंवा ओकच्या पिंपाचा ठसठशीत वास असलेली वाइन दुसऱ्यांदा आली की लगेच कळते, मग परीक्षक चाखून गुण देत नाही, आठवून देतो. साधी पांढरी शेनिन ब्लां किंवा मध्यम अंगाची लाल शिराझ बरी. मात्र चौघींच्या दर्जात सहज दिसेल असा फरक हवा. त्याचे कारण पुढच्या उत्तरात येईल.

दर ग्लासात 40 मिली ओता. बारा जणांना 480 मिली लागते, म्हणजे एका वेळेला एक बाटली आणि 270 मिली शिल्लक. प्रत्येक साक्षी वाइनच्या तीन बाटल्या घ्या, त्याही स्क्रू कॅपच्या, कारण कॉर्कमुळे एकाच खोक्यातल्या दोन बाटल्याही निराळ्या निघतात. सकाळी तिन्ही बाटल्या स्टीलच्या स्वच्छ भांड्यात हलकेच एकत्र करा आणि पुन्हा बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून झाकणे लावा. नायट्रोजन किंवा आर्गॉनचा डबा असेल तर वर फवारा मारा. यामुळे बाटली-बाटलीतला फरक संपतो, उरतो तो फक्त वेळेचा.

आणि वेळेचा फरक हाच या खेळातला सगळ्यात मोठा सापळा आहे. पाचव्या फेरीपर्यंत ती वाइन पाच-सहा तास उघडी झालेली असते. गुण घसरले तर जीभ थकली की वाइन उतरली? त्यासाठी सहा जणांचा ताजा गट बाहेर राखून ठेवा. त्यांनी दिवसभर काहीही चाखायचे नाही. पाचव्या फेरीच्या वेळी त्यांच्यासमोर चार साक्षी वाइन्सचे दोन-दोन ग्लास ठेवा, एक दिवसभर थांबलेल्या बाटलीतला आणि एक त्याच क्षणी उघडलेल्या बाटलीतला. सहा जणांना 240 मिली लागते, ते त्या शिल्लक 270 मिलीत भागते. ताज्या ग्लासांसाठी प्रत्येक वाइनची चौथी बाटली मात्र आणून ठेवा. ताज्या गटाला दोन्हींत फरक जाणवला नाही, तर दोष वाइनचा नाही. बहुतेक हौशी चाचण्यांत हा गट नसतो, आणि म्हणूनच त्यांचे निष्कर्ष हवेत राहतात.

क्रमाविषयी दोन गोष्टी. एक, सहा परीक्षकांना फेऱ्या एक ते पाच अशा द्या आणि उरलेल्या सहांना पाच ते एक. तिसरी दोघांनाही मधोमधच येते, साक्षी वाइन्स सगळ्यांना सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी मिळतात, आणि इतर 48 पैकी कुणावरही कायम संध्याकाळचीच पाळी येत नाही. दुसरी, फेरीच्या आत प्रत्येकाचा क्रम वेगळा हवा. चिठ्ठ्या टाकून चालते, पण संख्याशास्त्रज्ञ विल्यम्स यांची चौकट त्याहून चांगली, कारण तिच्यात प्रत्येक वाइन दुसऱ्या प्रत्येक वाइनच्या लगेच नंतर सारख्याच वेळा येते. चार वाइन्ससाठी ती अशी दिसते:

पहिला परीक्षक : अ ब ड क
दुसरा : ब क अ ड
तिसरा : क ड ब अ
चौथा : ड अ क ब

कुठलीही जोडी घेऊन पाहा. 'अ'नंतर लगेच 'ब' एकदाच येते, 'ड' एकदाच, 'क' एकदाच. सहा वाइन्ससाठी अशा सहा ओळी होतात, प्रत्येक ओळ दोघांना द्या. हे कशासाठी? गोडसर वाइननंतर आलेली कोरडी वाइन आहे त्याहून आंबट लागते, तुरट शिराझनंतरची साधी लाल पाण्यासारखी वाटते. सगळ्यांना एकच क्रम दिला, तर एका गरीब बिचाऱ्या वाइनवर बाराही जणांकडून तोच अन्याय होतो आणि आकडेवारीत तो एकमत म्हणून दिसतो.

ग्लासांवर तीन आकडी क्रमांक टाका, आणि तीच वाइन पुन्हा आली की नवा क्रमांक द्या. 100, 111, 777 असले लक्ष वेधणारे आकडे टाळा. स्टिकर ग्लासाच्या तळपायावर लावा, कडेजवळ गोंदाचा वास नाकात जातो. एका फेरीला 144 ग्लास लागतात, म्हणून 288 असलेले बरे: एक संच टेबलावर, एक धुण्यात. धुताना साबणाचा अंश राहता कामा नये. गरम पाण्याने दोनदा विसळून उपडे ठेवा. खोक्यातून काढलेल्या ग्लासाला पुठ्ठ्याचा वास असतो, आणि ओलसर फडक्याने पुसलेल्याला फडक्याचा. रिकामा ग्लास हुंगून पाहण्याचे काम एका माणसाला नेमून द्या. काम कंटाळवाणे आहे, पण सगळी मेहनत इथेच वाया जाऊ शकते.

पांढरी 10 ते 12 अंशांवर, लाल 16 ते 18 वर. एप्रिल-मे टाळा, नाहीतर लाल वाइन टेबलावरच 25 च्या पुढे जाते आणि तिच्यातला अल्कोहोल नाकाला चावायला लागतो. दर ग्लासाला तीन मिनिटे धरली, तर फेरी 45 मिनिटांत आटपते. मधे 20 मिनिटे विश्रांती. तिसऱ्या फेरीनंतर सगळ्यांना सारखेच, बिनतिखट जेवण. ओतणाऱ्यांना कोणत्या क्रमांकाची कोणती वाइन हे माहीत असतेच, म्हणून ग्लास टेबलावर नेऊन ठेवणारी माणसे वेगळी असावीत. चेहरा बोलतो.

कार्यक्रम सदस्यांपुरता असला, तरी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे परवान्याची चौकशी आधी करा, आणि तारीख ठरवताना ड्राय डेची यादी बघा.

प्रश्न : पुण्यात संख्याशास्त्र शिकते. अशा चाचणीतून आलेल्या गुणांचे करायचे काय? सकाळ-संध्याकाळची सरासरी काढून वजाबाकी केली की झाले?

तेवढ्यावर थांबलात तर हमखास फसाल. समजा, एका परीक्षकाने चार साक्षी वाइन्सना पहिल्या फेरीत 84, 91, 88 आणि 79 गुण दिले. सरासरी 85.5. पाचव्या फेरीत त्याच वाइन्सना 86, 87, 86 आणि 85 दिले. सरासरी 86. वजाबाकी अर्धा गुण, म्हणजे जीभ ठणठणीत? मुळीच नाही. सकाळी सर्वोत्तम आणि सर्वांत सामान्य वाइनमध्ये 12 गुणांचे अंतर होते, संध्याकाळी ते 2 वर आले. या माणसाला आता वाइन्स वेगळ्या लागतच नाहीत. अशा वेळी परीक्षक मधला सुरक्षित आकडा धरून बसतो.

थकव्याचे हे रूप फसवे आहे. सगळ्यांना 86 देणारा माणूस कागदावर विलक्षण सातत्याचा दिसतो! म्हणून प्रत्येक परीक्षकासाठी तीन गोष्टी मोजा: सरासरी किती सरकली, साक्षी वाइन्समधले अंतर किती आक्रसले, आणि एकाच वाइनचे तीन गुण किती पसरले. तिसरीचे उदाहरण घ्या. एका वाइनला 88, 91 आणि 84 मिळाले, तर सरासरी 87.7 आणि प्रमाण विचलन सुमारे 3.5. शंभराच्या पट्टीवर प्रत्यक्षात बहुतेक वेळा वापरले जातात ते साधारण 80 ते 100 एवढेच गुण, त्या मानाने 3.5 हे बरेच आहे. गणित करताना परीक्षक, वाइन आणि फेरी हे तीन घटक वेगळे धरा, आणि फेरी-वाइन यांचा परस्परसंबंध आवर्जून पाहा. अंतर आक्रसणे तिथे पकडले जाते.

गुणांवर विश्वास नसेल तर त्रिकोणी चाचणी जोडा. तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा; वेगळा ओळखायचा. वेगळा बनवायला त्याच वाइनमध्ये लिटरला 1 ग्रॅम टार्टारिक आम्ल मिसळा, खाण्यायोग्य प्रतीचे. 750 मिलीच्या बाटलीला 0.75 ग्रॅम होते, म्हणून स्वयंपाकघरातला काटा चालणार नाही, सोनाराकडे असतो तसला घ्या. आधी थोड्या वाइनमध्ये पूर्ण विरघळवून मग उरलेली घाला. नुसत्या अंदाजाने तिघांत एक बरोबर येतोच, म्हणजे बारा जणांत चार. पाच टक्क्यांच्या पातळीवर (म्हणजे नुसत्या नशिबाने तसे घडण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी) फरक कळला म्हणायला बारांपैकी किमान आठ बरोबर हवेत, चोवीसांपैकी तेरा. सकाळी नऊ जणांचे आणि संध्याकाळी पाचच जणांचे उत्तर बरोबर आले, तर संशयाला जागा आहे, पण बारा जणांच्या एकाच दिवसावर निकाल देऊ नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या. आम्लाचे प्रमाण ताज्या लोकांवर आधी पडताळून पाहा: सकाळीच कुणाला ओळखता आले नाही किंवा झोपेतही सगळ्यांना ओळखता आले, तर ती चाचणी थकव्याबद्दल काहीच सांगत नाही.

प्रश्न : गोव्यात हॉटेलात काम करतो, सप्लायरच्या टेस्टिंगला वर्षातून दोन-तीनदा तीस-चाळीस वाइन्स एका दमात घ्याव्या लागतात. विसाव्या ग्लासाच्या आसपास सगळे एकसारखे लागते. नेमके काय थकते, आणि मधे काय खावे?

'जीभ थकली' हा बोलण्याचा भाग झाला. प्रत्यक्षात तीन-चार वेगळ्या गोष्टी घडतात, आणि त्यांचा वेगही वेगळा असतो.

नाक सगळ्यांत आधी जाते, पण परतही लवकर येते. एकच वास सतत घेत राहिलात, तर मिनिटाभरातच तो फिका पडतो. ग्लासात नाक खुपसून बसू नका. दोन-तीन छोटे हुंगे घ्या, लगेच टिपून ठेवा आणि पुढे चला. मधे स्वतःच्या शर्टाची बाही हुंगा. त्या वासाची नाकाला सवय असल्याने त्याला विसावा मिळतो.

लाल वाइनचा तुरटपणा मात्र साचत जातो. टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून येणारा तुरट घटक, लाळेतल्या प्रथिनांना पकडून त्यांचा साका करते. जीभ आणि गालांची आतली बाजू खरखरीत लागते, ती त्यामुळे. लाळ पुन्हा पुरेशी यायच्या आत पुढचा घोट घेतला, की आधीच्या तुरटपणावर नवा चढतो. म्हणून शेवटच्या लाल वाइन्सवर 'कडक', 'रुक्ष' असे शेरे येतात. त्यांत त्या वाइनचा दोष निम्माच असतो. साधे पाणी यावर फारसे चालत नाही. बिनमिठाचे क्रॅकर किंवा पावाचा मऊ भाग बरा, कारण चावताना लाळ सुटते. प्रयोगशाळांत लिटरला 1 ग्रॅम पेक्टिन विरघळवलेल्या पाण्याने चूळ भरतात, तेही उपयोगी पडते. पण सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे दोन-तीन मिनिटे थांबणे.

सप्लायर प्रेमाने चीजची थाळी पुढे करील, ती नंतरसाठी ठेवा. चीजमुळे तुरटपणा आणि आंबटपणा दोन्ही दबतात. इंग्लंडच्या जुन्या वाइन व्यापाऱ्यांत म्हण होती की खरेदी सफरचंदावर करावी आणि विक्री चीजवर. तुम्ही खरेदीदाराच्या बाजूला बसला आहात.

अल्कोहोल ही तिसरी बाब. थुंकले तरी थोडे पोटात जातेच. दर ग्लासामागे 2 मिली राहिले असे धरा. 40 ग्लासांत 80 मिली वाइन, 13 टक्क्यांनी सुमारे 10 मिली शुद्ध अल्कोहोल, शिवाय तोंडाच्या आतल्या त्वचेतून थोडे. नशा नाही चढणार, पण लक्ष नक्की सैल होते. मोठ्या चाचणीत दर फेरीनंतर श्वासाचे मीटर लावून आकडा लिहून ठेवावा, म्हणजे मंदावलेला मेंदू आणि मंदावलेली जीभ यांची गल्लत होत नाही. घरी जाताना गाडी दुसऱ्याने चालवावी.

एक खराब ग्लासही पुढच्या चार ग्लासांचे नुकसान करतो. कॉर्कमधून येणारे टीसीए हे रसायन लिटरला काही नॅनोग्रॅम एवढे असले, तरी ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. त्यापुढची गंमत 2013 साली जपानी संशोधकांनी दाखवली: ते नाकातल्या पेशींचे संदेशच दाबून टाकते. संशय आला की तो ग्लास टेबलावरून हलवा, आणि मोकळ्या हवेत पाच मिनिटे फिरून या.

सकाळच्या खाण्याबद्दल नाशिकहूनही विचारणा आहे. मिसळ नको, हे वेगळे सांगायला नको. तिखटाची आग बराच वेळ रेंगाळते आणि अल्कोहोल ती आणखी भडकवते. बिनमिरचीचे पोहे किंवा इडली खा. पुदिन्याच्या टूथपेस्टनंतर किमान एक तास जाऊ द्या. पान, तंबाखू, सुपारी, अत्तर, गजरा, उदबत्ती, सगळे त्या दिवसापुरते वर्ज्य. आणि चाखून झाल्यावर लगेच दात घासू नका; वाइनचा पीएच साधारण 3 ते 3.6 असतो, आम्लाने मऊ झालेल्या दातांवर ब्रश फिरवला की झीज होते.

प्रश्न : तज्ज्ञांना पांढऱ्या वाइनमध्ये लाल रंग घालून दिला तर तेही फसले, असे वाचले. मग काळे ग्लास वापरावेत का? (ठाणे)

तो प्रयोग बोर्दोचा, 2001 साली प्रसिद्ध झालेला. त्यात चाखणारे नामांकित समीक्षक नव्हते, वाइनशास्त्राचे 54 विद्यार्थी होते. वास नसलेल्या रंगाने लाल केलेल्या पांढऱ्या वाइनचे वर्णन त्यांनी लाल वाइनच्या शब्दांत केले, एवढेच त्यातून दिसते. ते महत्त्वाचे आहे, पण 'तज्ज्ञांना काही कळत नाही' हा त्याचा अर्थ नाही. थकव्याच्या चाचणीत त्रिकोणी भागासाठी काळे ग्लास जरूर वापरा, कारण रंगातली किंचित छटाही उत्तर फोडते. गुण देण्याच्या फेऱ्यांत नेहमीचा पारदर्शक ग्लास असू द्या. परीक्षक एरवी ज्या परिस्थितीत काम करतात, तीच तपासायची आहे.

प्रश्न : 1976 च्या पॅरिसच्या प्रसिद्ध चाचणीत फ्रेंच परीक्षकांनी कॅलिफोर्नियाला जिंकवले, ते थकव्यामुळे का? (कोल्हापूर)

नाही. 24 मे 1976 च्या त्या चाचणीत दहा पांढऱ्या आणि दहा लाल अशा वीसच वाइन्स होत्या. सरावलेल्या माणसाला वीस म्हणजे काहीच नाही. त्या मांडणीतला दोष दुसराच आहे: पांढऱ्यांचा निकाल लाल वाइन्स चाखण्याआधीच जाहीर झाला. कॅलिफोर्नियाची शार्दोने पहिली आली हे कानावर पडल्यावर पुढचे गुण निखळ राहिले असतील का? म्हणून दिवसभराच्या कुठल्याही चाचणीत शेवटचा कागद गोळा होईपर्यंत एकही नाव सांगू नये, चहाच्या सुट्टीत तर नाहीच.

प्रश्न : शेवटी, दिवसाला किती वाइन्स योग्य? (सांगली)

सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नाही, कारण वाइन कोणती यावर ते अवलंबून आहे. हलक्या पांढऱ्या चाळीस जातील, पण तरुण, टॅनिनने भरलेल्या लाल वाइन्स पंचवीसच्या पुढे नेणे हे माझ्या मते आयोजकाच्या सोयीसाठी असते, परीक्षणासाठी नाही. लाल वाइन्सची फेरी आठ-दहांवर थांबवावी. स्वतःचा आकडा काढायचा असेल, तर दर बारा ग्लासांनंतर दुसऱ्याकडून एक त्रिकोणी चाचणी ठेवून घ्या, उत्तर लगेच न पाहता. असे आठ-दहा दिवस जमवा आणि प्रत्येक टप्प्यावर किती वेळा बरोबर आले ते मांडा. बरोबर उत्तरे तिनांत एकच्या जवळ जिथे यायला लागतात, त्याच्या एक फेरी आधी ग्लास खाली ठेवा.